पदवी स्तरावरील इतिहासाचे अध्ययन आणि स्थानिक साधने : वेळापूर परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना

महाराष्ट्रातील ग्रामीण महाविद्यालयांत कला शाखेच्या पदवीसाठी इतिहास हा विषय मोठ्या प्रमाणावर निवडला जातो. या निवडीमागे विषयाची ओढ असतेच असे नाही. मराठी माध्यमातून शिकता येते, प्रयोगशाळेचे शुल्क नसते, स्पर्धा परीक्षेला उपयोग होतो आणि 'विषय सोपा आहे' असा समज असतो, अशी व्यावहारिक कारणे त्यामागे असतात. या कारणांना हिणवण्याचे प्रयोजन नाही. ऊसतोडीच्या हंगामात घरचे काम सांभाळून, एस. टी. च्या वेळापत्रकाप्रमाणे महाविद्यालयात येणाऱ्या विद्यार्थ्याने असा हिशेब करणे स्वाभाविक आहे. प्रश्न आहे तो तीन वर्षांनंतर त्याच्या हाती काय उरते हा. बहुतेक वेळा सनावळी, घराण्यांची नावे, लढायांची कारणे व परिणाम आणि परीक्षेपूर्वी पाठ केलेली मार्गदर्शिका एवढेच उरते. इतिहास कसा सिद्ध होतो, एखादे विधान कोणत्या पुराव्यावर उभे असते आणि तो पुरावा किती विश्वासार्ह असतो, याचा अनुभव त्याला क्वचितच मिळतो.

सोलापूर जिल्ह्यातील माळशिरस तालुक्यातील वेळापूर हे गाव या संदर्भात विचारात घेण्यासारखे आहे. यादवकालीन शिलालेख असलेले देवालय, ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीचा मुक्काम, जुन्या शाळांची दप्तरे आणि कालव्याच्या पाण्याने पालटलेला शेतीचा चेहरा हे सर्व या एका परिसरात एकत्र आढळते. तरीही येथील विद्यार्थी देवगिरीच्या यादवांचा अभ्यास पुस्तकातूनच करतो आणि त्याच राजवटीचा लेख कोरलेल्या दगडासमोरून रोज ये-जा करतो. हे अंतर कसे निर्माण झाले व ते कसे कमी करता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

लेखाची उद्दिष्टे

१. पदवी स्तरावरील इतिहास अध्यापनाच्या वाटचालीचा थोडक्यात आढावा घेणे.
२. वेळापूर परिसरातील ऐतिहासिक साधनांचे अध्यापनाच्या दृष्टीने मूल्य स्पष्ट करणे.
३. ही साधने पदवीच्या वर्गात वापरण्याची पद्धती व त्यासंबंधीची दक्षता मांडणे.

पदवी शिक्षणातील इतिहास : वाटचाल

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ मध्ये झाली आणि १८६२ मध्ये बी. ए. ची पदवी मिळविणाऱ्या पहिल्या तुकडीत महादेव गोविंद रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांचा समावेश होता. या दोघांनीही पुढे इतिहासलेखनात मोलाची भर घातली. पुढच्या पिढीतील वि. का. राजवाडे हेही विद्यापीठाचे पदवीधर होते. तथापि 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या त्यांच्या २२ खंडांच्या मालेतील पहिला खंड १८९८ मध्ये प्रसिद्ध झाला तो वर्गातील अभ्यासाच्या बळावर नव्हे; गावोगाव हिंडून, वाड्यांतील व देवघरांतील दप्तरे धुंडाळून केलेल्या श्रमांचे ते फळ होते. १९१० मध्ये पुण्यात स्थापन झालेले भारत इतिहास संशोधक मंडळ हेही विद्यापीठाबाहेरच उभे राहिले. परिणामी महाराष्ट्रात साधने गोळा करणारा संशोधक आणि पाठ्यपुस्तक शिकविणारा अध्यापक अशी एक विभागणी आरंभापासूनच रूढ झाली, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

युरोपात एकोणिसाव्या शतकात याहून निराळी परंपरा निर्माण झाली. बर्लिन विद्यापीठात लिओपोल्ड फॉन रांके यांनी निवडक विद्यार्थ्यांना एकत्र बसवून मूळ कागदपत्रांचे वाचन व चिकित्सा करण्याची चर्चासत्राची पद्धत रुजविली. साधन आणि विद्यार्थी यांची गाठ अध्यापकाच्या देखत पडावी, हे या पद्धतीचे मर्म होय. आपल्याकडे ही पद्धत आली ती प्रामुख्याने पदव्युत्तर व संशोधन स्तरावर. पदवीचा वर्ग तिच्यापासून दूरच राहिला.

सोलापूर जिल्ह्यातील महाविद्यालये मुंबई विद्यापीठाच्या काळानंतर १९४९ मध्ये स्थापन झालेल्या पुणे विद्यापीठाच्या आणि १९६२ पासून कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या कक्षेत होती. २००४ मध्ये सोलापूर विद्यापीठ स्थापन झाले. २०१९ मध्ये त्यास पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचे नाव देण्यात आले. एका जिल्ह्यासाठी स्वतंत्र विद्यापीठ झाल्यामुळे अभ्यासक्रमात त्या जिल्ह्याच्या इतिहासाला स्थान देण्याची संधी निर्माण झाली. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार राज्यातील संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून नवीन श्रेयांक रचना लागू झाली. तीत क्षेत्र प्रकल्प, समाज सहभाग व भारतीय ज्ञान प्रणाली या घटकांना श्रेयांक देण्यात आले आहेत. म्हणजे विद्यार्थ्याला वर्गाबाहेर नेण्यास आता नियमाचा आधार आहे. मात्र क्षेत्र प्रकल्प म्हणजे सहलीचा अहवाल व चार छायाचित्रे अशी त्याची गत होऊ द्यायची नसेल, तर परिसरातील साधनांची नेमकी ओळख अध्यापकाला असणे अगत्याचे ठरते.

वेळापूर परिसरातील साधने

(अ) शिलालेख व देवालय : वेळापूर येथील अर्धनारीनटेश्वराचे देवालय यादवकालीन आहे. तेथील मराठी शिलालेखांत शके १२२२ व शके १२२७ या वर्षांचे लेख असून ते रामचंद्रदेव यादवाच्या कारकिर्दीतील आहेत. शकाच्या वर्षात ७८ मिळविले असता इसवी सनाची १३०० व १३०५ ही वर्षे येतात. विद्यार्थ्याला एवढे गणित करावयास सांगितले तरी एक महत्त्वाचा प्रश्न त्याच्यासमोर उभा राहतो. अल्लाउद्दीन खलजीने १२९६ मध्ये देवगिरीवर स्वारी केली आणि रामचंद्रदेवाला मोठी खंडणी द्यावी लागली, हे त्याने पुस्तकात वाचलेले असते. त्यावरून यादवांचे राज्य तेव्हाच संपले, अशी त्याची समजूत झालेली असते. मग त्यानंतर चार व नऊ वर्षांनी कोरलेल्या लेखांत याच राजाचा उल्लेख राज्यकर्ता म्हणून कसा येतो? सत्ता पराभवाच्या दिवशी संपते की कमकुवत होऊनही दूरच्या प्रदेशात चालू राहते? राजधानीतील घटना आणि भीमा-नीरेच्या खोऱ्यातील एका गावाचे व्यवहार यांचा कालक्रम एकच असतो काय? पुस्तकातील एका ओळीला दोन दगडांनी विचारलेले हे प्रश्न आहेत.

देवालयातील मूर्तीही अशीच विचारप्रवर्तक आहे. 'अर्धनारीनटेश्वर' या नावावरून अर्धे अंग शिवाचे व अर्धे पार्वतीचे अशी मूर्ती अपेक्षित असते. प्रत्यक्षात ती हर-गौरी या युगुलाच्या स्वरूपाची आहे. नाव आणि वस्तू यांतील हे अंतर विद्यार्थ्याने स्वतः पाहून टिपले, तर परंपरेने दिलेले नाव हाही एक पुरावाच असतो आणि तोही तपासून घ्यावा लागतो, हे त्यास वेगळे सांगावे लागत नाही.

या संदर्भात सोलापूर जिल्ह्यातीलच एक उदाहरण विद्यार्थ्यांपुढे ठेवण्याजोगे आहे. भीमा व सीना यांच्या संगमावरील हत्तरसंग-कुडल येथील शके ९४० (इ. स. १०१८) चा मराठी लेख आनंद कुंभार यांनी उजेडात आणला. जिल्ह्यातील शिलालेखांचा त्यांनी आयुष्यभर शोध घेतला, तो विद्यापीठाच्या विभागाबाहेर राहून. गावातील दगडाकडे जिज्ञासेने पाहण्याची दृष्टी असेल, तर मराठी भाषेच्या इतिहासात भर घालणारे काम जिल्ह्याच्या ठिकाणी राहूनही होऊ शकते, याचे हे उदाहरण होय.

(आ) वारी : आषाढी वारीत ज्ञानेश्वर महाराजांची पालखी माळशिरसहून वेळापूरला येते व पुढे भंडीशेगाव, वाखरीमार्गे पंढरपूरला पोहोचते. वेळापूरजवळचा धावा आणि येथील भारूड या गोष्टी प्रत्येक विद्यार्थ्याच्या लहानपणापासूनच्या परिचयाच्या असतात. त्यामुळेच वारी हा अभ्यासाचा विषय होऊ शकतो, असे त्याच्या मनात सहसा येत नाही. वारीची परंपरा फार प्राचीन असली, तरी पालखी सोहळ्याचे आजचे शिस्तबद्ध स्वरूप एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकर यांनी घालून दिले आणि अंकलीच्या शितोळे सरकारांकडून सोहळ्यासाठी अश्व येऊ लागले. श्रद्धेला यत्किंचितही धक्का न लावता विद्यार्थ्याला येथे एक गोष्ट उमगते : ज्याला आपण 'पूर्वापार' म्हणतो, त्याच्या प्रत्येक अंगाला स्वतंत्र काळ असतो. दिंड्यांचे क्रम, मुक्कामाची स्थळे, मानकऱ्यांचे हक्क, गावाने पुरवावयाची व्यवस्था यांच्या नोंदी आणि वृद्धांच्या आठवणी यांवरून त्या काळांचा माग काढता येतो.

(इ) शाळेचे जनरल रजिस्टर : पदवीच्या विद्यार्थ्याला साधनचिकित्सा शिकविण्यासाठी गावातील जुन्या प्राथमिक शाळेच्या जनरल रजिस्टरसारखे सोपे साधन विरळाच. विद्यार्थ्याचे नाव, जात, जन्मतारीख, जन्मस्थळ, प्रवेशाची इयत्ता, शाळा सोडल्याची तारीख व कारण असे रकाने त्यात असतात. जुनी पाने उलटताना एक गोष्ट हमखास दृष्टीस पडते. अनेकांची जन्मतारीख १ जून अशी नोंदलेली असते. विद्यार्थ्यांना घरी विचारावयास सांगितले, तर वर्गातील बऱ्याच जणांचे आजोबा, कधी वडीलही, १ जूनलाच जन्मलेले निघतात. कारण उघड आहे. आईवडिलांना तारीख ठाऊक नसे. 'पहिल्या नांगरटीच्या वेळचा', 'दुष्काळाच्या आदल्या साली' एवढेच सांगितले जाई. जूनमध्ये शाळा सुरू होताना वयाची अट पूर्ण व्हावी म्हणून गुरुजी १ जून ही तारीख मांडीत.

या एका उदाहरणातून साधनचिकित्सेची अनेक तत्त्वे स्पष्ट करता येतात. नोंद अधिकृत आहे म्हणून ती खरी असतेच असे नाही. ती खोटी आहे म्हणून निरुपयोगीही ठरत नाही, कारण जन्माविषयी ती मौन असली तरी शाळेच्या नियमाविषयी, गुरुजींच्या समंजसपणाविषयी आणि काळ मोजण्याच्या शेतकरी पद्धतीविषयी ती बरेच सांगून जाते. नोंद कोणी केली, कोणत्या हेतूने केली आणि कोणत्या चौकटीत बसविण्यासाठी केली, हे प्रश्न यातून सहज निघतात. मुलींच्या नावांची संख्या कोणत्या दशकात वाढू लागते, 'शाळा सोडल्याचे कारण' या रकान्यात काय लिहिले जाते, कोणत्या समाजातील मुले उशिरा येतात व लवकर गळतात, याचा आलेख विद्यार्थी स्वतः काढू शकतो. शिक्षणप्रसाराचा इतिहास त्याला आपल्याच गावाच्या पानांवर वाचता येतो.

(ई) कालवा, ऊस व जमीन : माळशिरस हा मुळात कमी पावसाचा तालुका आहे. भाटघर येथील धरण १९२८ मध्ये पूर्ण झाले आणि नीरा उजव्या कालव्याच्या पाण्याने या भागाची शेती पालटली. सासवडच्या माळी समाजातील शेतकऱ्यांनी पुढाकार घेऊन १९३२ मध्ये सासवड माळी शुगर फॅक्टरीची स्थापना केली व त्यातून माळीनगर वसले. याच वर्षी हिंदुस्थान सरकारने साखर उद्योगाला जकातीचे संरक्षण दिले होते. पाठ्यपुस्तकात 'वासाहतिक आर्थिक धोरण' या शीर्षकाखाली येणारा मुद्दा आणि शेजारच्या गावाची वसाहत यांचा असा थेट संबंध आहे. पुढे १९६१ चा कमाल जमीनधारणा कायदा, खाजगी कारखान्यांकडील जमिनींचा प्रश्न, खंडकरी शेतकऱ्यांचा प्रदीर्घ लढा आणि सहकारी साखर कारखानदारीचा उदय हे टप्पे येतात. सातबारा, फेरफार नोंदी आणि खंडकरी कुटुंबांतील वृद्धांच्या आठवणी ही या इतिहासाची साधने होत. फेरफाराच्या एका नोंदीत वारसाहक्क, कर्ज, खरेदी किंवा कायद्याचा अंमल यांपैकी काहीतरी दडलेले असते आणि ती नोंद वाचण्याची सवय शेतकऱ्याच्या मुलाला घरातूनच असते.

कागदाचे मोल : विद्यार्थ्याचा पूर्वानुभव

येथे एक महत्त्वाची बाब अध्यापकांच्या लक्षात यावयास हवी. ग्रामीण विद्यार्थ्याला ऐतिहासिक कागदाची ओळख नसते, हे गृहीतच मुळात चुकीचे आहे. जातवैधता प्रमाणपत्राच्या निमित्ताने त्याच्या कुटुंबाने जुने कागद शोधलेले असतात. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या मानीव दिनांकांच्या संदर्भात वास्तव्याचा व जातीचा पुरावा द्यावा लागतो. त्यासाठी आजोबांचा शाळेचा दाखला, गाव नमुना १४ मधील जन्म-मृत्यूची नोंद, जुना फेरफार यांचा शोध घेतला जातो. ज्यांचे पूर्वज शाळेत गेले नाहीत आणि ज्यांच्या नावावर जमीन नव्हती, अशा भटक्या कुटुंबांना हा पुरावा मिळविणे सर्वांत कठीण जाते. कागदाने कोणाला नोंदविले आणि कोणाला वगळले, हा इतिहासशास्त्रातील अत्यंत गहन प्रश्न त्यांच्या घरात प्रवेशाच्या अंतिम तारखेच्या रूपाने येऊन उभा राहतो.

सप्टेंबर २०२३ मध्ये शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली कुणबी नोंदींसंबंधी समिती नेमली. त्या वेळी मोडी लिपीतील जुने अभिलेख तपासावे लागले आणि मोडी वाचकांची निकड सर्वांना जाणवली. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत व्यवहारात असलेली लिपी दोन पिढ्यांत इतकी अपरिचित व्हावी की आपल्याच पणजोबांचा कागद वाचण्यासाठी जाणकार शोधावा लागावा, ही बाब इतिहासाच्या विभागांना अंतर्मुख करणारी आहे. राज्याच्या पुराभिलेख संचालनालयामार्फत मोडी प्रशिक्षण वर्ग घेतले जातात. त्या धर्तीवर महाविद्यालयात मोडीचा प्राथमिक अभ्यास सुरू झाल्यास तो विद्यार्थ्याच्या ज्ञानाला व उपजीविकेलाही पूरक ठरेल.

म्हणूनच साधनचिकित्सेचा पहिला पाठ दूरच्या ताम्रपटापासून सुरू करण्याऐवजी विद्यार्थ्याच्या घरातील या कागदांच्या अनुभवापासून सुरू करावा. पुराव्याचे महत्त्व त्याला पटवून द्यावे लागत नाही. ते त्याने सोसलेले असते. त्या अनुभवाला शास्त्राची भाषा देणे एवढेच अध्यापकाचे काम उरते.

वर्गातील उपयोजन

एकच प्राध्यापक सांभाळीत असलेला विभाग, तासिका तत्त्वावरील नेमणुका आणि मोठी पटसंख्या या मर्यादांत राहून हे कसे साधावे, अशी शंका रास्त आहे. त्यासाठी पुढील क्रम सुचविता येईल.

१. एका सत्रात एकच साधन घ्यावे. पहिल्या सत्रात शाळेचे रजिस्टर, दुसऱ्या सत्रात देवालय व शिलालेख, पुढे फेरफार व मौखिक आठवणी असा चढता क्रम ठेवावा.
२. पाच-सहा विद्यार्थ्यांचे गट करून प्रत्येक गटाला एक दशक, एक पान किंवा एक व्यक्ती नेमून द्यावी. सर्वांनी सर्व करण्याची गरज नाही. गटांचे निष्कर्ष वर्गात एकमेकांसमोर ठेवले की तुलना आपोआप होते.
३. प्रत्येक साधनाला ठरावीक प्रश्न विचारावेत : हे कोणी निर्माण केले? केव्हा? कोणासाठी? यात काय सांगितले आहे व काय सांगितलेले नाही? याला पुष्टी देणारे किंवा छेद देणारे दुसरे साधन कोणते?
४. अहवाल दोन-तीन पृष्ठांचाच असावा. मात्र त्यातील प्रत्येक विधानाखाली आधार नमूद करण्याचा आग्रह धरावा.
५. अंतर्गत मूल्यमापनात एक प्रश्न साधनावर असावा. नोंदीचा एखादा उतारा देऊन त्यावर भाष्य करावयास सांगितल्यास त्याचे उत्तर मार्गदर्शिकेत सापडत नाही.

स्पर्धा परीक्षेच्या तयारीत यामुळे व्यत्यय येईल, हा आक्षेपही टिकत नाही. शासकीय सेवेत गेलेल्या विद्यार्थ्याला पुढे तलाठी, ग्रामसेवक वा लिपिक म्हणून याच नोंदी करावयाच्या व तपासावयाच्या असतात. चुकीच्या नोंदीने एखाद्या कुटुंबाचे काय नुकसान होते, हे ज्याने विद्यार्थिदशेत पाहिले आहे, तो अधिक दक्षतेने लेखणी चालवील.

मर्यादा व दक्षता

स्थानिक साधनांचा वापर करताना काही पथ्ये पाळणे आवश्यक आहे. शाळेच्या रजिस्टरात जात व घरगुती परिस्थितीचा उल्लेख असतो. मुख्याध्यापकांच्या परवानगीखेरीज ते पाहू नये आणि अहवालात व्यक्तींची नावे येऊ देऊ नयेत. शिलालेखाची अक्षरे उठून दिसावीत म्हणून खडू, चुना वा तेलरंग लावणे हे दगडाची हानी करणारे आहे. तिरप्या उजेडात घेतलेले छायाचित्र पुरेसे असते. मौखिक आठवणी नोंदविताना उत्तर सुचविणारे प्रश्न टाळावेत व आठवणीला कागदाचा पडताळा द्यावा.

स्थानिक इतिहास म्हणजे स्थानिक अभिमान नव्हे, हेही स्पष्ट असावे. गावाचे, घराण्याचे वा जातीचे मोठेपण सिद्ध करण्यासाठी साधने शोधली, तर चिकित्सा संपते. तसेच सर्व इतिहास गावाच्या वेशीच्या आत सामावत नाही. शके १२२७ चा लेख समजण्यासाठी देवगिरी व दिल्ली यांचा इतिहास लागतो. माळीनगर समजण्यासाठी साम्राज्याचे जकात धोरण लागते. पाठ्यपुस्तक बाजूला ठेवावे असा याचा अर्थ नाही; गावातील साधनाने ते तपासावे आणि त्याच्या आधारे गावातील साधन समजून घ्यावे, असा हा दुहेरी व्यवहार आहे.

समारोप

पदवी स्तरावर इतिहास शिकणाऱ्या बहुसंख्य विद्यार्थ्यांपैकी फार थोडे संशोधक होणार आहेत. उरलेले शेतकरी, शिक्षक, कर्मचारी, व्यावसायिक, गृहिणी व लोकप्रतिनिधी होतील. त्यांच्या हाती द्यावयाची शिदोरी म्हणजे सनावळ्या नव्हेत. कोणतेही विधान ऐकल्यावर 'याला आधार काय?' असे शांतपणे विचारण्याची सवय ही ती शिदोरी होय. इतिहासाच्या नावाने समाजात वारंवार वाद पेटतात आणि ऐकीव गोष्टी क्षणात सर्वदूर पोहोचतात, अशा काळात ही सवय कोणत्याही पदवीइतकीच मोलाची आहे.

वेळापूरपासून पुण्यातील पेशवे दप्तर दूर आहे, हे खरे. परंतु देवालयातील लेख, पालखीचा मार्ग, शाळेचे रजिस्टर आणि घरातील पेटीत जपून ठेवलेला आजोबांचा दाखला हे सर्व विद्यार्थ्याच्या हाकेच्या अंतरावर आहे. वर्गाची सुरुवात त्या दाखल्यापासून केली, तर १ जून ही तारीख वाचून विद्यार्थी प्रथम हसेल, मग विचार करील आणि नंतर प्रश्न विचारील. इतिहासाचे अध्ययन त्या प्रश्नापासून सुरू होते.